कांद्याच्या गावाची माणसे: हंगेरीतील मॉको

एखादी गोष्ट दुसरीपासून फार लांब असली, किंवा दोन गोष्टींचा एकमेकींशी सुतराम संबंध नसला, तर हंगेरीतली माणसे म्हणतात, 'हे म्हणजे मॉको जेरुसलेमपासून जितके लांब, तितके लांब झाले.' या म्हणीची एक लोककथाही सांगितली जाते. धर्मयुद्धाला निघालेला मॉको नावाचा एक वीर वाटेतल्या बंदरात भरपूर दारू प्यायला आणि नशेतच आपण जेरुसलेमला पोहोचलो असे समजून बसला. या कथेतला मॉको हा माणूस आहे, गाव नव्हे. तरीही ही म्हण आज ऐकली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गावच येते, आणि त्या गावातून निघून जगाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचलेली माणसे पाहिली की म्हण गावावर बसतेही चांगली.

मॉको हे हंगेरीच्या आग्नेय कोपऱ्यात, मारोश नदीच्या काठी, रुमानियाच्या सीमेजवळ वसलेले गाव आहे. सेगेड हे मोठे विद्यापीठाचे शहर तेथून साधारण तीस किलोमीटरवर आहे. मॉकोची लोकसंख्या वीस हजारांच्या थोडी वर आहे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान तालुक्याच्या गावाएवढी. तरीही 'मॉकोची नामवंत माणसे' अशी यादी काढली, तर तिच्यात वृत्तपत्रसृष्टीतल्या सर्वांत प्रसिद्ध पारितोषिकाला ज्याचे नाव आहे तो संपादक आहे, जगातली पहिली खऱ्या अर्थाने सामान्यांची मोटार ज्याने आखली तो अभियंता आहे, हंगेरियन भाषेतल्या सर्वश्रेष्ठ कवींपैकी एक आहे, फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात गौरवलेला नट आहे आणि खेड्यापाड्यांचा अभ्यास करता करता मंत्री झालेला समाजशास्त्रज्ञही आहे.

अशा याद्या आपण सहज वाचून सोडून देतो. पण एखादा माणूस 'अमुक गावचा' आहे, याचा अर्थ नेमका काय? तो तिथे जन्मला, तिथे शिकला, की तिथे राहिला? आणि एका लहान गावातून इतकी माणसे निघाली, ती त्या मातीच्या गुणामुळे, की आणखी कशामुळे? मॉकोचे उदाहरण घेतले, तर या प्रश्नांची बरीचशी उत्तरे हाताशी येतात.

आधी नावांचा गुंता सोडवू, कारण त्याशिवाय पुढे जाता येत नाही. हंगेरियन माणूस आपले आडनाव आधी आणि स्वतःचे नाव नंतर लिहितो. आपल्याकडे शाळेच्या हजेरीपटावर किंवा मतदारयादीत आडनाव आधी येते, पण तिथे ती रोजच्या बोलण्याचीही रीत आहे. त्यामुळे जगाला जोसेफ पुलित्झर म्हणून माहीत असलेला माणूस मॉकोत 'पुलित्झर योझेफ' असतो आणि फोर्ड कंपनीतला जोसेफ गॅलंब हा 'गॉलॉम्ब योझेफ' असतो. गॉलॉम्ब म्हणजे कबूतर. यादीतला कवी मात्र 'योझेफ अत्तिला' आहे आणि इथे योझेफ हे त्याचे आडनाव आहे. म्हणजे एकाच यादीत योझेफ हा शब्द दोघांचे नाव आणि तिसऱ्याचे आडनाव म्हणून येतो. इंग्रजीतून वाचणाऱ्याची इथे हमखास फसगत होते, म्हणून या लेखात हंगेरीत राहिलेल्यांची नावे हंगेरियन क्रमानेच दिली आहेत.

आता गावाकडे वळू. मॉकोची खरी ओळख कांदा ही आहे. मारोश नदीने पुरांबरोबर आणून टाकलेली गाळाची जमीन, कोरडे आणि उन्हाचे दिवस, आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेली एक युक्ती यांतून तिथला कांदा घडला. ही युक्ती समजून घेण्याजोगी आहे. कांदा हे मुळात दोन वर्षांचे पीक आहे. पहिल्या वर्षी कंद धरायचा, मग थंडी सोसायची आणि दुसऱ्या वर्षी फुलून बी द्यायचे, हा त्याचा निसर्गक्रम. आपल्याकडे रोपे तयार करून लागवड करतात आणि एकाच हंगामात कांदा काढतात. मॉकोचा शेतकरी पहिल्या वर्षी बी अगदी दाट पेरत असे, जेणेकरून कांदे गोटीएवढेच राहावेत. ते काढून हिवाळाभर घरात ठेवायचे आणि वसंत ऋतूत एकेक करून पुन्हा जमिनीत खोचायचे. तेव्हा कुठे त्याच वर्षी मोठा, घट्ट, टिकाऊ कांदा हाती येई. त्या मोठ्या कांद्यातून बी धरायला तिसरे वर्ष लागे.

यात एक अडचण होती. हिवाळ्याची थंडी लागली की त्या बारीक कांद्याला वाटते, आपला हिवाळा सरला, आता फुलायचे. आपले शेतकरी ज्याला डेंगळे म्हणतात तो फुलाचा दांडा निघतो आणि कांदा पोसण्याचे थांबतो. मॉकोच्या शेतकऱ्यांनी यावर उपाय काढला, तो असा की बारीक कांदे थंड कोठारात न ठेवता घरातल्या उबेत, भट्टीच्या जवळ ठेवायचे. उबेत राहिलेल्या कंदाला थंडीची खूणच मिळत नाही, त्यामुळे तो फुलण्याच्या मार्गाला लागत नाही आणि सगळी ताकद कंदात जाते. वनस्पतिशास्त्राने या क्रियेचे स्पष्टीकरण पुढे दिले, पण घरातल्या बायामाणसांनी ते आधीच अनुभवाने ओळखले होते. या कांद्याला २००९ साली युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले. दर सप्टेंबरमध्ये गावात कांद्याचा उत्सव भरतो, आणि मॉकोवेत्स इम्रे या नामांकित वास्तुरचनाकाराने आखलेल्या, २०१२ मध्ये सुरू झालेल्या स्नानगृहाच्या नावातही कांदा आहे.

कांदा आणि धान्य पिकवणाऱ्या गावाला व्यापारी लागतात, आणि मॉकोत व्यापार करणाऱ्यांमध्ये यहुदी कुटुंबांचा वाटा मोठा होता. अठराव्या शतकात तिथल्या बिशपच्या परवानगीने ही कुटुंबे गावात वसली. धान्याचा व्यापारी पुलित्झर फ्युलप हा त्यांच्यापैकीच एक. त्याच्या घरी १० एप्रिल १८४७ रोजी योझेफ जन्मला. धंदा चांगला चालला होता, म्हणून मुलगा सहा वर्षांचा असतानाच कुटुंब पेश्त शहरात राहायला गेले. म्हणजे ज्याच्यामुळे मॉकोचे नाव जगाला थोडेफार माहीत झाले, तो मुलगा तिथे पुरती सात वर्षेही राहिला नाही.

पुढे वडील वारले, व्यापार बुडाला आणि भावंडांपैकी योझेफ आणि त्याचा भाऊ आल्बर्ट एवढे दोघेच मोठे होईपर्यंत जगले. सतरा वर्षांच्या, उंच, काटकुळ्या आणि अधू डोळ्यांच्या या मुलाला सैन्यात जायचे होते, पण युरोपातल्या सैन्यांनी त्याला नाकारले. त्या सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते आणि उत्तरेच्या बाजूचे दलाल हॅम्बुर्गसारख्या बंदरांतून माणसे गोळा करत होते. त्यांना डोळ्यांची फिकीर नव्हती. १८६४ साली पुलित्झर अशा रीतीने अमेरिकेत पोहोचला आणि न्यूयॉर्कच्या लिंकन घोडदळात भरती झाला. तिथे बरेच सैनिक जर्मन बोलणारे होते, त्यामुळे इंग्रजी जवळजवळ न येताही त्याचे निभावले. युद्ध संपल्यावर तो सेंट लुइसला गेला. खेचरे सांभाळणे, हॉटेलात वाढपी म्हणून राबणे अशी मिळतील ती कामे केली, आणि उरलेला वेळ शहरातल्या वाचनालयात काढला. त्या वाचनालयात बुद्धिबळाची एक खोली होती. तिथे एक डाव पाहताना त्याने केलेली टिप्पणी खेळणाऱ्या दोघांना आवडली आणि गप्पा सुरू झाल्या. ते दोघे 'वेस्टलिखे पोस्ट' या जर्मन दैनिकाचे चालक होते. १८६८ मध्ये त्याला त्या पत्रात बातमीदाराची नोकरी मिळाली. या प्रसंगापाशी मला थांबावेसे वाटते, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीचे दार इथे उघडते, आणि ते उघडते एका वाचनालयात.

१८७८ मध्ये त्याने लिलावात निघालेले एक पत्र घेतले आणि दुसऱ्या पत्राशी जोडून 'पोस्ट-डिस्पॅच' सुरू केले. १८८३ मध्ये जे गूल्ड या रेल्वेसम्राटाकडून ३ लाख ४६ हजार डॉलरला 'न्यूयॉर्क वर्ल्ड' विकत घेतले. तेव्हा त्याचा खप सुमारे १५ हजार होता, तो वाढत सहा लाखांपर्यंत गेला. हे कसे झाले? न्यूयॉर्कमध्ये त्या काळी युरोपातून रोज जहाजे भरून माणसे उतरत होती. त्यांना इंग्रजी बेताचे येत होते आणि जुनी वृत्तपत्रे त्यांच्यासाठी लिहीतच नव्हती. पुलित्झर स्वतः त्याच वाटेने आलेला. त्याने वाक्ये लहान केली, मथळे ठळक केले, चित्रे घातली आणि बातम्यांत भाडेकरू, कामगार आणि पोलीसठाण्यांचे जग आणले. १८८७ मध्ये त्याची बातमीदार नेली ब्लाय वेडाचे सोंग घेऊन स्त्रियांच्या मनोरुग्णालयात दहा दिवस राहिली आणि तिने तिथली दशा लिहिली.

त्याच्या पद्धतीचे सर्वांत सुंदर उदाहरण स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे आहे. पुतळा फ्रान्सने दिला होता, पण तो उभा करायचा चौथरा अमेरिकेने बांधायचा होता आणि त्याचे पैसे गोळा होत नव्हते. १८८५ च्या मार्चमध्ये 'वर्ल्ड'ने आवाहन केले की रक्कम कितीही लहान असो, देणाऱ्याचे नाव आम्ही छापू. ऑगस्टपर्यंत एक लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. देणगीदार १ लाख २० हजारांहून जास्त होते आणि त्यांतल्या बहुतेकांनी एक डॉलरपेक्षाही कमी दिले होते. आपले नाव छापील अक्षरांत पाहायला मिळालेली ती कित्येकांची आयुष्यातली पहिलीच वेळ असणार. पुतळ्याची ही बाजू पुतळ्यासमोर छायाचित्र काढणाऱ्यांना फारशी ठाऊक नसते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८९० च्या दशकात विल्यम रँडॉल्फ हर्स्टच्या पत्राशी स्पर्धा लागली, तेव्हा 'वर्ल्ड'ने भडकपणा आणि अतिशयोक्तीचा कळस केला. ज्या पत्रकारितेला आपण 'पिवळी' म्हणतो, तिला हे नाव याच दोन पत्रांच्या चढाओढीतून पडले. 'वर्ल्ड'मध्ये येणाऱ्या व्यंगचित्रमालिकेतल्या पिवळ्या झग्याच्या पोरावरून ते आले. तोवर पुलित्झरची दृष्टी जवळजवळ गेली होती. आवाज सहन होत नसल्यामुळे तो जहाजावर किंवा मुद्दाम आवाज अडवणाऱ्या खोल्यांत राहत असे आणि चिटणिसांकरवी वृत्तपत्र चालवत असे. २९ ऑक्टोबर १९११ रोजी चार्ल्स्टनच्या बंदरात आपल्या 'लिबर्टी' या जहाजावर तो वारला. त्याने ठेवलेल्या देणगीतून कोलंबिया विद्यापीठात पत्रकारितेची शाळा निघाली आणि १९१७ पासून पारितोषिके दिली जाऊ लागली. ज्याने भडकपणा आणला, त्यानेच पत्रकाराला शिक्षण हवे असा आग्रह धरला. मला यात विसंगती वाटत नाही. वृत्तपत्राची ताकद किती आणि ती कुठे घसरते, हे ज्याने दोन्ही अंगांनी पाहिले, त्याला शिक्षणाची गरज इतरांपेक्षा जास्त कळली असेल.

दुसरा योझेफ, म्हणजे गॉलॉम्ब, ३ फेब्रुवारी १८८१ रोजी मॉकोत जन्मला. त्याने सेगेडच्या औद्योगिक शाळेत आणि नंतर बुडापेस्टमध्ये तांत्रिक शिक्षण घेतले. काही काळ हंगेरीत आणि जर्मनीत नोकरी करून तो अमेरिकेला गेला. १९०४ मध्ये सेंट लुइसला मोठे जागतिक प्रदर्शन भरणार होते आणि तिथे मोटारी पाहायला मिळतील, हे जाण्याचे एक कारण होते. ज्या शहरात एका मॉकोकराने बुद्धिबळाच्या खोलीत नशीब काढले, त्याच शहराच्या ओढीने दुसरा निघाला. १९०५ च्या अखेरीस तो डेट्रॉइटला हेन्री फोर्डच्या कारखान्यात आरेखक म्हणून लागला.

१९०७ च्या सुमारास फोर्डने पिकेट अव्हेन्यूच्या कारखान्यात तिसऱ्या मजल्यावर एक छोटी खोली भिंती घालून वेगळी करून घेतली. तिला कुलूप होते. आत मोठे फळे होते. फोर्ड आईच्या डोलखुर्चीत बसून तासन्‌तास कल्पना सांगत असे आणि गॉलॉम्ब खडूने त्या फळ्यावर उतरवत असे. रेखाटन पटले की त्याचे छायाचित्र घेत, म्हणजे पुढे पेटंटचा वाद झाला तर पुरावा राहील. या खोलीतून 'मॉडेल टी' बाहेर पडली.

तिच्यातला गॉलॉम्बचा विशेष भाग म्हणजे दातेरी चाकांची पेटी, म्हणजेच गिअरबॉक्स. तेव्हाच्या बहुतेक मोटारींत वेग बदलताना फिरती दातेरी चाके सरकवून एकमेकांत अडकवावी लागत. अंदाज चुकला की कर्कश आवाज होई आणि दाते तुटत. शेतकऱ्याला किंवा डॉक्टरला ही कसरत जमणे कठीण होते. मॉडेल टीमध्ये चाके नेहमीच एकमेकांत गुंतलेली असत. मधल्या चाकाभोवती लहान चाके, सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी फिरत, आणि त्यांच्याशी जोडलेले पिंप असत. पायाने पायटा दाबला की एका पिंपाभोवतीचा पट्टा आवळला जाई आणि ते पिंप थांबे. कोणते पिंप थांबवले, यावर गाडी हळू जाणार की मागे जाणार हे ठरे. कुंभाराच्या फिरत्या चाकावर हात दाबून ते थांबवावे, तसाच हा प्रकार. चाकांची अडकवाअडकव नाही, म्हणून दाते तुटण्याची भीती नाही.

डावा पायटा पूर्ण दाबला तर कमी वेग, सोडला तर जास्त वेग, मधला मागे जाण्यासाठी आणि उजवा ब्रेकसाठी, अशी योजना होती. इंधन वाढवण्यासाठी पायटा नव्हता, तर सुकाणूच्या चाकाखाली हाताने ओढायचा दांडा होता. आजचा चालक या गाडीत बसला तर गोंधळून जाईल, पण १९०८ साली ज्याने आयुष्यात कधीच मोटार चालवली नव्हती त्याला ही रीत सोपी गेली. वीस अश्वशक्तीचे इंजिन, हलके पण चिवट पोलाद, आणि खडबडीत रस्त्यांवरून जाईल एवढी उंची यांमुळे ती खेड्यांतून चालू लागली. सुरुवातीला तिची किंमत साडेआठशे डॉलरच्या आसपास होती आणि पुढे ती ३०० डॉलरच्याही खाली आली. १९२७ मध्ये उत्पादन थांबले, तेव्हा दीड कोटीहून अधिक गाड्या बाहेर पडल्या होत्या. गॉलॉम्बने यूजीन फर्कश या दुसऱ्या हंगेरियन अभियंत्यासह फोर्डच्या ट्रॅक्टरच्या आखणीतही काम केले. तो १९४४ पर्यंत कंपनीत राहिला आणि ४ डिसेंबर १९५५ रोजी डेट्रॉइटमध्ये वारला. त्याने मॉकोच्या गरीब, हुशार विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती ठेवली होती. गावच्या शेतकी व्यवसाय-शाळेला त्याचे नाव आहे.

तिसऱ्याची गोष्ट या दोघांच्या उलट आहे. योझेफ अत्तिला मॉकोत जन्मला नाही, तर ११ एप्रिल १९०५ रोजी बुडापेस्टमध्ये जन्मला. वडील साबणाच्या कारखान्यातले कामगार होते आणि तो तीन वर्षांचा असताना घर सोडून गेले. आई घरोघरी कपडे धुऊन मुलांना पोसत होती. काही काळ मुलगा खेड्यात पालक कुटुंबाकडे होता. तिथे त्याला डुकरे राखावी लागली आणि 'अत्तिला असे नावच नसते' असे म्हणून त्याला 'पिश्ता' म्हणत. पुढे शाळेच्या पुस्तकात हूणांच्या अत्तिला राजाच्या गोष्टी त्याला सापडल्या, आणि आपल्या नावाचा माणूस होऊन गेला आहे हे कळल्यावर त्याला वाङ्मयाची गोडी लागली, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. १९१९ मध्ये आई वारली. बहिणीच्या नवऱ्याने पालकत्व घेतले आणि १९२० मध्ये त्याला मॉकोच्या शाळेत, वसतिगृहात पाठवले.

पंधरा ते अठरा या वयातली ती जवळजवळ तीन वर्षे. जुन्या कपड्यांतला, उपाशीतापाशी, फार भावनाशील असा हा मुलगा, ज्याने याच काळात जीव देण्याचाही प्रयत्न केला. त्याला सांभाळायला गावातली काही माणसे पुढे आली. त्याच्या एका शिक्षकाचे आडनावही गॉलॉम्बच होते, आणि त्या शिक्षकाने पुढे त्याच्या मॉकोतल्या वर्षांवर पुस्तक लिहिले. एश्पेर्शित यानोश नावाचे एक वकील होते, ज्यांच्या घराचे दार लेखक-कलावंतांना उघडे असे. त्या घरात त्याला जेवण, पुस्तके आणि माणसे मिळाली. युहास ज्युला हे कवी पूर्वी मॉकोतच शिक्षक होते आणि नंतर सेगेडला राहत. त्यांच्याशी अत्तिलाची ओळख झाली. 'सौंदर्याचा भिकारी' अशा अर्थाच्या नावाचा त्याचा पहिला कवितासंग्रह १९२२ मध्ये सेगेडहून निघाला, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि प्रस्तावना युहास ज्युलांची होती.

पुढे सेगेडच्या विद्यापीठात एका कवितेमुळे एका प्राध्यापकाने त्याला 'तुम्हाला शिक्षक होऊ देणार नाही' असे सुनावले. त्या प्रसंगाची कविता हंगेरीत आजही तोंडपाठ असते. आईवरची त्याची 'मामा' ही कविता तर शाळकरी मुलांनाही येते. ओल्या कपड्यांची टोपली घेऊन माळ्यावर चढणारी आई, आणि मलाही उचलून ने म्हणून रडणारा मुलगा, एवढेच चित्र तिच्यात आहे. ३ डिसेंबर १९३७ रोजी बालाटोन सरोवराकाठी आगगाडीखाली त्याचा अंत झाला. हंगेरीत कविता दिन त्याच्या वाढदिवशी, ११ एप्रिलला साजरा होतो. पुलित्झरचा वाढदिवस त्याच्या आदल्या दिवशी येतो.

आता मूळ प्रश्नाकडे पाहू. पुलित्झरला गावाने जन्म दिला पण घडवले नाही. अत्तिलाला गावाने जन्म दिला नाही पण तीन वर्षांत घडवले. माझ्या मते 'गावचा माणूस' या शब्दांवर अत्तिलाचा हक्क पुलित्झरपेक्षा जास्त आहे, जरी जगाला पुलित्झरचे नाव अधिक माहीत असले तरी.

पागेर ऑन्तॉल याचे तसे नाही. तो १८९९ मध्ये मॉकोत जन्मला आणि हंगेरीचा मोठा नट झाला, पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अतिउजव्या प्रचाराच्या बाजूने उभा राहिला, म्हणून युद्धानंतर त्याला देश सोडून अर्जेंटिनाला जावे लागले. १९५६ मध्ये तो परतला आणि १९६४ मध्ये 'पॉचिर्तॉ' म्हणजे 'चंडोल' या चित्रपटासाठी कानमध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला. त्याच युद्धात, १९४४ मध्ये, मॉकोच्या यहुदी रहिवाशांना घरांतून काढून गाड्यांत भरून नेले गेले आणि त्यांतले बरेच जण परत आले नाहीत. ज्या समाजातून पुलित्झर आला, तो समाज गावातून जवळजवळ नाहीसा झाला. यादी वाचताना पागेरची ख्याती आणि हे दुःख एकाच गावाचे आहे, हे विसरता येत नाही.

ज्याने या सगळ्याचे कारण शोधण्याचा खरा प्रयत्न केला, तो यादीतला शेवटचा माणूस. एर्देई फेरेंत्स १९१० मध्ये मॉकोच्या एका कांदा पिकवणाऱ्या कुटुंबात जन्मला. त्याने सेगेडला कायद्याचे शिक्षण घेतले आणि कांदा-उत्पादकांच्या सहकारी संस्थेचे काम केले. १९३७ मध्ये त्याचे पहिले मोठे पुस्तक आले, आणि पुढच्या काही वर्षांत हंगेरीच्या शेतीप्रधान शहरांवर आणि वस्त्यांवर त्याने लिहिले. हंगेरीच्या मोठ्या मैदानात शेतकरी शहरात घर ठेवतो आणि शिवारात 'तॉन्यॉ' म्हणजे वस्ती ठेवतो. उन्हाळ्यात कामासाठी वस्तीवर, हिवाळ्यात शहरात, असे ते एकच जगणे दोन ठिकाणी विभागलेले असते. त्यामुळे मॉकोसारखे गाव दिसायला खेडे वाटले, तरी त्याला शहराचे सगळे अवयव असतात. बाजार असतो, उच्च शाळा असते, न्यायालय असते, वकील असतात, वृत्तपत्र असते. शेतकरी या सगळ्याच्या शेजारी राहतो, त्याच्याबाहेर नव्हे, हे एर्देईचे सांगणे होते.

मला मॉकोच्या यादीची किल्ली इथे सापडते. अनाथ मुलाला शाळा मिळाली ती जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या गावात होती म्हणून. त्याला आधार दिला तो वकील तिथे होता, कारण तिथे न्यायालय होते. कवी असलेला शिक्षक तिथे येऊन राहिला होता, कारण तिथे शासकीय शाळा होती. गॉलॉम्बला तंत्रशिक्षण घ्यायला तीस किलोमीटरवरचे सेगेड गाठता आले. एर्देईला कांद्याच्या शेतातून थेट विद्यापीठात जाता आले. मातीत बुद्धी पिकत नाही, पण शाळा आणि वाचनालये जवळ असली की पिकलेली बुद्धी वाया जात नाही.

एर्देईचे स्वतःचे आयुष्य राजकारणात फार गुंतले. १९४४ मध्ये युद्ध चालू असतानाच बनलेल्या तात्पुरत्या सरकारात तो गृहमंत्री होता आणि १९४९ पासून शेतीमंत्री. १९५६ च्या उठावात सोव्हिएत सैन्याशी वाटाघाटी करायला गेलेल्या हंगेरियन शिष्टमंडळात तो होता आणि त्या रात्री ते शिष्टमंडळच पकडले गेले. पुढे तो सुटला आणि १९७१ मध्ये वारला.

१९५० मध्ये हंगेरीतल्या जिल्ह्यांची फेररचना झाली. मॉको ज्याचे मुख्य ठिकाण होते तो चॉनाद जिल्हा तेव्हा बंद झाला आणि मुख्यालय गेले. ज्या मंत्रिमंडळाच्या काळात हे घडले, त्यात मॉकोचा एर्देई शेतीमंत्री होता. मुख्यालय गेले, पण शाळा राहिली, आणि ज्या वसतिगृहातल्या मुलाला जुन्या कपड्यांत तिच्या वर्गात बसावे लागले होते, त्या योझेफ अत्तिलाच्या नावाने ती आज ओळखली जाते.